मानवी वर्चस्व आणि भाषा

भाषेच्या लक्षणांच्या आधारे या घटकात आपण एका मोठ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत : शरीराने दुबळा असलेला मानव पृथ्वीवरील सर्वांत प्रबळ प्राणी कसा झाला?

मोठा मेंदू हे उत्तर अपुरे आहे. निअँडरथल मानवाचा मेंदूही आपल्या मेंदूएवढाच होता. साधी हत्यारे तर चिंपांझीही वापरतो. आपली जात सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत उदयास आली; शेती मात्र सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीची. या काळात शरीर फारसे बदलले नाही; साठत गेले ते ज्ञान.

हे ज्ञान साठले कसे? चार्ल्स हॉकेट यांनी १९६० मध्ये मांडलेल्या भाषिक लक्षणांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत. पहिले विस्थापन, म्हणजे समोर नसलेल्या गोष्टींविषयी बोलता येणे. मधमाशी नृत्याद्वारे दूरच्या फुलांची दिशा सांगते. पण गेल्या वर्षीच्या दुष्काळाविषयी तिला काही सांगता येत नाही. दुसरे परंपरागत संक्रमण, म्हणजे एका पिढीकडून दुसरीने शिकणे.

नागपूर जिल्ह्यातील नैकुंडचे उदाहरण घ्या. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या १९७८ ते १९८० मधील उत्खननात तेथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. योग्य दगड ओळखणे, कोळशाचे प्रमाण राखणे, भात्याने हवा देणे हे सारे एका माणसाला एका आयुष्यात शोधता येणार नाही. पाहून पुष्कळ शिकता येते, हे खरे. परंतु मागची भट्टी का फसली आणि पुढच्या वेळी काय टाळावे, हे सांगावेच लागते. त्या लोकांची भाषा कोणती, हे लेखाअभावी ज्ञात नाही. तिचे कार्य मात्र त्या भट्टीत दिसते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही. तिचे भाषक मोजके उरले आहेत. अशी भाषा थांबली, की तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेले रानाचे, वनस्पतींचे ज्ञानही विरून जाते. ज्या साधनाने मानव प्रबळ झाला, ते इतके नाजूक आहे.

स्वयं-अध्ययन : आपल्या शेतीतील, व्यवसायातील किंवा घरातील असे एक ज्ञान निवडा, जे केवळ पाहून शिकता येत नाही. ते सांगताना वापरले जाणारे पाच शब्द घरातील वडीलधाऱ्यांकडून नोंदवून घ्या.