सायकलवारी आणि देहाचा नेम



वारी म्हणजे पायी वारी, हे आपल्या संप्रदायात कोणाला शिकवावे लागत नाही. पण पोटाची चाकरी कोणाला सुटली आहे? जयसिंगपूर, यड्राव, इचलकरंजी या पट्ट्यात मागावर, कारखान्यात, अडत दुकानात, कचेरीत राबणारे माळकरी पुष्कळ आहेत. त्यांना पंधरा-वीस दिवसांची रजा कोण देणार? म्हणून अलीकडे पुष्कळांच्या मनात येते की, दोन-तीन दिवसांची रजा काढावी आणि सायकलवर पंढरी गाठावी. नाशिककडची मंडळी अशी सायकलवारी करतात, हे वाचकांच्या कानावर असेलच. ही वारी पायी वारीच्या बरोबरीची की कमी, या वादात आपल्याला पडायचे नाही. नोकरी सांभाळून या वाटेसाठी देह कसा तयार करावा, एवढाच आजचा पाठ आहे.

प्रथम स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे उपदेशाचा अधिकार कुठून आला ते कळेल. काही वर्षांपूर्वी मी असाच एका आषाढीला निघालो. सायकल बरी होती, उत्साह तर विचारूच नका. सराव मात्र घरापासून कामापर्यंतचा, तोही कधीमधी. मंडळी म्हणाली, "अवो, सवय न्हाई काय न्हाई, आन् एकदम पंढरपूर? जरा दमानं घ्या." मी ऐटीत उत्तर दिले, "विठोबा नेईल." मिरज मागे पडली, कवठेमहांकाळ आले, आणि पुढे नागजच्या अलीकडे उजवा गुडघा जो धरला तो सुटेना. शेवटी एका टेम्पोत सायकल घालून परत आलो. दर्शन तर अंतरलेच, पण गुडघा सुजून आठ दिवसांचा रोजही बुडाला. त्या महिन्यात घर कसे चालले ते घरचीलाच ठाऊक. ती एवढेच म्हणाली, "इठोबा न्हेतोय की, पर पाय तुमचंच लागत्यात."

त्या एका वाक्यात सगळे निरूपण आले. आपला आळस आपण देवाच्या नावावर खपवतो आणि त्याला श्रद्धा म्हणतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली होती.

आता दृष्टांत पाहू. हरिपाठ आपल्याला पाठ कसा झाला? एका रात्री बसून कोणी पाठ केला नाही. रोज सांजवेळी म्हटला, म्हणून जिभेवर बसला. देहाचेही तसेच आहे. आठवड्यात एकदाच जीव तोडून सायकल हाणली आणि सहा दिवस सायकल भिंतीला टेकली, तर देह काही शिकत नाही, नुसता दुखतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरावाने श्वास आणि काळीज लवकर तयार होते, चार-सहा आठवड्यांत फरक कळतो. पण गुडघ्याचे सांधे, शिरा, स्नायूबंध यांना जास्त वेळ लागतो. दम लागेनासा झाला की माणसाला वाटते आपण तयार झालो, आणि तो अंतर एकदम दुप्पट करतो. माणूस फसतो तो इथेच.

तेव्हा वेग किती ठेवावा? त्याचे माप वारकऱ्याच्या मुखातच आहे. सायकल चालवताना "राम कृष्ण हरि" सलग म्हणता आले पाहिजे. मधेच धाप लागून नाम तुटले, तर वेग फार झाला, पाय सैल सोडावा. नाम म्हणताच नव्हे, खड्या आवाजात गाताही येऊ लागले, तर थोडा नेट लावायला हरकत नाही. आजचे वैद्यकही हेच सांगते की, बोलता येईल एवढाच श्रम दीर्घ वाटेला उपयोगी. सरावाचे बहुतेक दिवस याच वेगाने जावेत. म्हणजे देहाचा सराव आणि नामाचा नेम, दोन्ही एका फेरीत साधतात.

दुसरे माप विसाव्याचे. माउलींचा पालखी सोहळा पाहा. आळंदीहून निघून पुण्याला आल्यावर दोन रात्री मुक्काम. मग दिवेघाट चढून सासवडपर्यंतची तीसेक किलोमीटरची मोठी मजल, आणि सासवडला पुन्हा दोन रात्री मुक्काम. चालणाऱ्याच्या पायांना त्याचा केवढा आधार होतो! मेहनतीने स्नायू शिणतो, आणि विसाव्यात तो भरून येऊन पहिल्यापेक्षा बळकट होतो. म्हणून विसावा म्हणजे आळस नव्हे, तो सरावाचाच भाग आहे.

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. चैत्री एकादशीपासून आषाढीपर्यंत तीन महिने, म्हणजे सहा पंधरवडे मिळतात. अधिक मास मध्ये आला तर आणखी एक महिना. आपल्या भागात हा काळ एका दृष्टीने सोयीचा. कारखान्यांचा गळीत हंगाम उरकत आलेला असतो आणि पहाटेच्या अंधारात उसाच्या जोड-ट्रॉल्यांचे भय कमी होते. तरी मागे लाल दिवा आणि अंगावर चकाकणारा पट्टा हवाच. ऊन चढायच्या आत, सात-साडेसातला घरी यावे.

पहिला पंधरवडा: आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, जयसिंगपूर ते शिरोळ आणि परत, पंधराएक किलोमीटर. एवढ्याला तासभर पुरतो. जास्त करू नये, जमत असले तरी करू नये.

दुसरा: तोच नेम, आणि सुट्टीच्या दिवशी नरसोबाची वाडी. येऊन-जाऊन तीसएक किलोमीटर होतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दर्शन घ्यावे, सावलीत टेकावे, परतावे.

तिसरा: सुट्टीची फेरी कुरुंदवाडाच्या पुढे वाढवत न्यावी, आणि पंधरवड्याच्या शेवटी खिद्रापूरला कोपेश्वराच्या दर्शनास जावे. ही फेरी साठाच्या घरात जाते.

चौथा: हात आखडता घ्यावा. अंतर निम्म्यावर आणावे. याच पंधरवड्याच्या अखेरीस निर्जला एकादशी येते. त्या दिवशी सायकलला हात लावू नये.

पाचवा: हा कसाचा. आपला शिरोळ तालुका सपाट, त्यामुळे चढाची सवय आपल्या पायांना नसते. ती लावण्यासाठी मिरजेच्या पुढे दंडोबाचा डोंगर गाठावा. एका सुट्टीला असे लागोपाठ दोन दिवस चालवावे, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना होते. तिकडे आळंदीहून माउलींचे प्रस्थान होते, त्याच सुमाराचे हे दिवस.

सहावा: मेहनत उतरवत आणावी. शेवटच्या आठवड्यात पाय मोकळे होतील एवढेच फिरावे. या दिवसांत नवे बळ येत नाही, असलेले मात्र खर्च होते.

वाट अशी. उदगाव ओलांडून अंकलीच्या पुलावर कृष्णामाईला नमस्कार, मग मिरज, कवठेमहांकाळ, नागज, जुनोणी, सांगोला आणि पंढरपूर. सगळे मिळून दीडशेच्या आसपास किलोमीटर. नवख्याने ते दोन दिवसांत करावे, आणि नागज-जुनोणीच्या सुमारास मुक्काम धरावा. आषाढात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे जाताना पाठीशी आणि येताना छातीवर. म्हणून परतीचा हिशेब आधीच करावा, मिरजेपर्यंत रेल्वेही आहे. ऐन एकादशीला पंढरीत वाहनांचे आणि माणसांचे रस्ते बदललेले असतात. सायकलवाल्याने चार दिवस आधी पोहोचून कळसाचे दर्शन घ्यावे, पायी येणाऱ्यांच्या वाटेत गर्दी करू नये.

शंका: बारा तासांची पाळी करून हे कसे जमावे?

समाधान: कामाला जाणे-येणे सायकलवर केले, तर निम्मा सराव तिथेच होतो, वेगळा वेळ लागत नाही. रात्रपाळी करून आलात, तर त्या दिवशी फेरी नको, झोप घ्यावी. झोप मोडून केलेला सराव अंगी लागत नाही आणि यंत्रावर डुलकी लागली तर बोट जाते. भजनाला रात्री उशीर झाला, तर पहाटेची फेरी खुशाल सोडावी. सुटलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये. नेम म्हणजे हट्ट नव्हे.

शंका: एकादशीचा उपवास आणि सराव कसा जुळवावा?

समाधान: एकादशी हा पायांच्या विसाव्याचा दिवस धरला की प्रश्नच मिटतो. एरवी निघण्यापूर्वी अर्धी भाकरी किंवा केळे, वाटेत गूळ-शेंगदाणे. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. उन्हात घाम फार गेला, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. मधुमेह, रक्तदाब किंवा काळजाचे दुखणे असणाऱ्याने आणि चाळिशी उलटलेल्या नवख्याने आधी डॉक्टरांना दाखवावे. छातीत कळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा उन्हात घेरी आली, तर तिथेच उतरावे आणि मदत घ्यावी. देवाला आपला देह हवा आहे, त्याचा बळी नको आहे.

शंका: गिअरची भारी सायकल नाही, मग?

समाधान: साधी चालते, पण ती अंगाला बसलेली हवी. सीटवर बसून, पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला, तर उंची बरोबर. मग पाऊल पुढच्या भागाने टेकले की गुडघ्यात किंचित बाक राहतो. माझी सीट चार बोटे खाली होती, गुडघा धरण्याचे अर्धे कारण ते! चाकांत हवा पुरेशी असावी, ब्रेक तपासलेले असावेत, पंक्चर काढता यावे. चढ आला आणि नाम तुटू लागले, तर सरळ उतरून सायकल हाती धरून चालावे. वारकऱ्याला चालण्याची लाज कसली?

शेवटची गोष्ट घरची. पहाटेची फेरी आपण मारतो, तेव्हा पाणी, डबा, पोरांची शाळा दुसऱ्या कोणाच्या अंगावर पडते. म्हणून तीन महिन्यांचा नेम धरण्याआधी घरात बसून विचारावे, कामे वाटून घ्यावीत, आणि भगिनींपैकी कोणाला सायकलवर यायचे असेल तर हाच क्रम त्यांनाही लावावा. सावता महाराजांनी मळा आणि गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही. प्रपंच कोणाच्या तरी माथी टाकून केलेली वारी विठोबाला कशी रुचेल?

दुसऱ्या खेपेला मी मंडळींना विचारून चैत्रीपासून नेम धरला. दोन दिवसांत पंढरी गाठली. नागजच्या चढाला उतरून चाललो, नाम चालूच होते. कळसाचे दर्शन घेतले, आणि सोमवारी वेळेवर कामावर हजर झालो. गुडघा काही बोलला नाही.

तात्पर्य: नाम तुटणार नाही एवढा वेग, नेम तुटणार नाही एवढे अंतर, आणि घर तुटणार नाही एवढा हव्यास. एवढे सांभाळले की वाट आपोआप सरते.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!