हिरवं पोर्ट आणि पुणेरी पाटी

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटवाली. 'एकोणसत्तर' म्हटलं की आजही मनातल्या मनात बोटं मोजते, हे सिक्स्टी नाईन की सेव्हंटी नाईन? भाजीवाल्याने 'एकोणसाठ' म्हटलं की मुकाट्याने शंभराची नोट पुढे करायची, ही माझी शाळेपासूनची युक्ती. आजी यावरून मला फार हसायची. आकड्यांच्या या गोंधळाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवलं.

तर झालं असं. गेल्या वर्षीच्या आमच्या एकांकिकेचं संगीत एका सीनिअरने त्याच्या मॅकबुकवर गॅरेजबँडमध्ये केलं होतं. शेवटच्या प्रसंगात जात्यावरची ओवी आहे आणि ती माझ्या आजीने म्हटलेली आहे. यंदा गॅदरिंगला तीच एकांकिका पुन्हा करायची ठरली. दिग्दर्शकाला शेवट बदलून हवा होता : वाद्यं एकेक करून थांबावीत आणि ओवी एकटी उरावी. सीनिअर आता बंगळूरला नोकरी करतो. त्याने सगळी प्रोजेक्ट फाइल पाठवली आणि म्हणाला, "मला रविवारसुद्धा नसतो गं, तूच कर."

आजी दिवाळीत गेली. त्यामुळे हे काम दुसऱ्या कुणाला देण्याचं माझ्या मनात नव्हतं. नुसती ओवी फाइलीतून वेगळी काढता आली असती, पण बाकीची वाद्यं गॅरेजबँडचीच, आणि गॅरेजबँड चालतं फक्त ॲपलच्या सिस्टिमवर. आमच्या ग्रुपमध्ये मॅक कुणाकडेच नाही. माझ्याकडे आहे दादाने जुने पार्ट जमवून बांधलेला डेस्कटॉप. हास्वेल पिढीचा आय-फाइव्ह, एच-८१ चिपसेटचा बोर्ड. गॅदरिंगला उरले होते दहा दिवस. म्हटलं, चला, हॅकिन्टॉश करून बघू!

हॅकिन्टॉश म्हणजे ॲपलचा नसलेल्या संगणकावर मॅकओएस चालवणं. २००६ मध्ये ॲपलने इंटेलचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली आणि मॅक व साधा पीसी आतून बरेचसे सारखे झाले, तेव्हापासून हा उद्योग वाढला. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ॲपलच्या परवान्यात ही सिस्टिम फक्त ॲपलच्या यंत्रावर चालवायला परवानगी आहे. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये असे संगणक विकायला काढले, ॲपलने दावा लावला आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. तेव्हा याचा धंदा करायचा विचारही नको.

बिग सर ही २०२० ची आवृत्ती तीन रात्रींत चालू झाली. स्क्रीन दिसली, इंटरनेट आलं, गॅरेजबँड उघडलं, ओवीचा ट्रॅक डोळ्यांसमोर पट्टीसारखा दिसला. प्ले दाबलं. पट्टी सरकतेय आणि खोलीत शांतता! साउंडच्या खिडकीत आउटपुटचं एकही साधन नव्हतं. आजी समोर, पण मुकी.

पहिला धडा : बिघाड कुठे नाही ते आधी शोधा

मी घाईने स्पीकरची वायर बदलली, पोर्ट फुंकलं, बोर्ड मेला असं जाहीरही केलं. दादाने एकच प्रश्न विचारला, "लिनक्सवर वाजतं का?" पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवलं, तर हिरव्या पोर्टातून खणखणीत आवाज! म्हणजे चिप, वायर, स्पीकर सगळं ठीक. दोष फक्त मॅकओएसच्या समजुतीत. हा पाच मिनिटांचा प्रयोग पहिल्याच दिवशी केला असता तर एक रात्र वाचली असती.

दुसरा धडा : चिप ओळखणं वेगळं, घर ओळखणं वेगळं

बोर्डावर आवाजाची एक छोटी चिप असते, तिला कोडेक म्हणतात. माझ्या बोर्डावर रिअलटेकची एएलसी-८८७ आहे. २००४ मध्ये इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक आणलं, त्यानुसार ही चिप आणि चिपसेटमधला कंट्रोलर एकमेकांशी बोलतात. चिपच्या आत अनेक नोड असतात. काही नोड आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करतात (डॅक), काही मिसळण्याचं काम करतात (मिक्सर) आणि काही थेट बाहेरच्या पिनेपर्यंत जातात.

आता गंमत बघा. चिप तीच, पण कुठल्या पिनेला कुठलं पोर्ट जोडायचं हे बोर्ड बनवणारा ठरवतो. एक जण एखादी पिन मागच्या हिरव्या पोर्टाला जोडेल, दुसरा पुढच्या हेडफोनला, तिसरा तशीच मोकळी सोडेल. वाडे एकाच नकाशाचे बांधले तरी कुठल्या खोलीत कुणाचं बिऱ्हाड हे प्रत्येक वाड्यात वेगळंच असतं. तसंच हे.

मग ड्रायव्हरला कसं कळायचं? त्यासाठी प्रत्येक पिनेच्या दारावर एक पाटी असते. ३२ बिटांची, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये आठ अक्षरांची. संगणक सुरू होताना बायोस ती लिहून ठेवतो. माझ्या हिरव्या पोर्टाची पाटी होती ०१०१४०१०. पहिले दोन अंक ०१, म्हणजे पेटीच्या मागच्या बाजूला. तिसरा ०, म्हणजे लाइन आउट. चौथा १, म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा नेहमीचा जॅक. पाचवा ४, म्हणजे रंग हिरवा. सहावा किरकोळ सूचनांसाठी, आणि शेवटचे दोन म्हणजे गट एक, क्रम शून्य. पुढच्या हेडफोनच्या पाटीची सुरुवात ०२२ ने, म्हणजे पुढची बाजू, हेडफोन. रिकाम्या खोलीची पाटी सहसा ४ ने सुरू होते : इथे कोणी राहत नाही. कमी शब्दांत सगळं आणि वर विचारायची सोय नाही. अगदी पुणेरी पाटी!

लिनक्स आणि विंडोज या पाट्या वाचून कामाला लागतात. ॲपलचा ड्रायव्हर ॲपलएचडीए तसा नाही. त्याला मोजक्या मॅक मॉडेलांचेच वाडे ठाऊक, त्यामुळे तो त्यांचेच नकाशे घेऊन फिरतो. माझा वाडा त्याच्या यादीतच नव्हता, म्हणून तो दारावरूनच परत गेला.

तिसरा धडा : योग्य नकाशा द्या

यावरचा उपाय म्हणजे लिलू आणि ॲपलएएलसी ही दोन कर्नल एक्स्टेन्शन्स. सिस्टिम सुरू होताना ती ॲपलएचडीएला मेमरीतल्या मेमरीत नवा नकाशा पुरवतात, डिस्कवरची मूळ फाइल बदलत नाहीत. ओपनकोअर या बूटलोडरच्या यादीत लिलू आधी आणि ॲपलएएलसी नंतर, हा क्रम पाळायचा. नकाशाला नंबर असतो, त्याचं नाव लेआउट-आयडी. एकट्या एएलसी-८८७ साठी डझनाहून जास्त नकाशे आहेत!

मी एक, दोन, तीन, पाच असे नंबर घालून रीस्टार्ट मारत बसले. कधी फक्त पुढचा हेडफोन वाजे, कधी माइक गायब. शेवटी शहाणपण सुचलं. लिनक्समध्ये कोडेकची माहिती एका फाइलीत मिळते. माझ्याकडे कार्ड शून्य निघालं एचडीएमआयचं आणि कार्ड एक खरं. त्यातल्या पाट्या वहीत उतरवल्या आणि नकाशांच्या पिना त्यांच्याशी ताडून पाहिल्या. पाट्यांशी जुळणारे उरले दोनच. बूट आर्ग्युमेंटमध्ये एएलसीआयडी बरोबर ११ लिहिलं आणि हिरवं पोर्ट बोललं!

चौथा धडा : अकरा म्हणजे नक्की किती?

बूट आर्ग्युमेंट हे चाचणीपुरतं. पक्कं करायला तोच नंबर डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये, आवाजाच्या कंट्रोलरच्या पत्त्यावर लिहितात. हास्वेलच्या बोर्डांवर हा पत्ता १बी, ० असा असतो. २०१५ च्या स्कायलेकपासून पुढे बहुतेक ठिकाणी १एफ, ३. मी एएलसीआयडी काढून टाकलं, प्रॉपर्टीत ११ ०० ०० ०० लिहिलं, समाधानाने झोपले. सकाळी पुन्हा शांतता.

दोन तास डोकं धरून बसले. मग ट्यूब पेटली. ती जागा हेक्साडेसिमलची! तिथलं ११ म्हणजे आपलं सतरा. मी ॲपलएचडीएच्या हातात सतरा नंबरचा, भलत्याच वाड्याचा नकाशा दिला होता. आपलं अकरा तिथे ०बी ०० ०० ०० असं लिहायचं, लहान बाइट आधी. आजी असती तर म्हणाली असती, "एकोणसत्तरवालीने अकरासुद्धा चुकवले!"

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? दोन-अडीचशे रुपयांचं यूएसबी साउंड डोंगल लावलं असतं तर काम झालं असतं. खरंय. यूएसबी ऑडिओचा ठरलेला वर्ग असतो आणि मॅकओएसमध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून आहे. घाईत असाल तर बेलाशक तेच करा. शिवाय हा मार्ग आता बंद होत चाललाय. २०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने जाहीर केलं आहे आणि तिच्यातून ॲपलएचडीए काढूनच टाकला आहे. तेव्हा हे सगळं त्याआधीच्या आवृत्त्यांपुरतं.

पण डोंगल लावलं असतं तर पाट्या वाचायला शिकले नसते. तीन वर्षं आपण रजिस्टर, बिटफील्ड, लिटल एंडियन परीक्षेपुरते पाठ करतो. त्यातला एक बाइट चुकला की घरात शांतता पसरते, हे मला त्या सकाळी कळलं. नंबर बदलत बसण्यात गेल्या दोन रात्री, आणि पाट्या वाचून उत्तर सापडलं एका संध्याकाळीत.

त्याच दिवशी हेडफोन न लावता, हिरव्या पोर्टात स्पीकर घालून आईला हाक मारली. ढोलकी बंद केली, तंबोरा बंद केला. ओवीच्या आधी आजी जरा खाकरते आणि हळूच विचारते, "झालं का रे चालू?" गेल्या वर्षी हे ढोलकीखाली दबलं होतं. आई काही बोलली नाही, पुन्हा लाव म्हणाली.

दिग्दर्शक ते खाकरणं कापायला सांगत होता. मी कापलं नाही.