घरच्या सर्व्हरची मांडणी व हिशेबाची दुसरी प्रत

व्यापारी बंधूंनो, चोपडी जाऊन संगणक आला, तरी तिजारतीचा पाया हिशेबच आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. लिहिलेले जपणे ही त्याच्याच पुढची जबाबदारी होय. माणूस गेल्यावर वारसांनी वाटणीआधी कर्ज फेडायचे असते. नोंदच नसेल तर ते काय फेडणार?

म्हसावदसारख्या गावात खाली दुकान, वर घर असले की दुकानाचा हिशेब, मालाचे फोटो व घरची कागदपत्रे एकाच सर्व्हरवर ठेवणे सोयीचे पडते. जागा कमी पडू लागली की आपण लगेच मोठ्या डिस्कचा भाव विचारतो. आधी मांडणी ठरवावी, मग खरेदी करावी.

भारी साडी आणि कटपीस आपण एका फळीवर ठेवत नाही. फायलींचेही तसेच चार भाग करावेत.

१) हिशेब, उधारी, जीएसटीची बिले. आकाराने लहान, किमतीने सर्वांत मोठे. जीएसटी कायद्यानुसार हे दफ्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागते. याची प्रत रोज घ्यावी.
२) घरची खरेदीखते, दाखले, फोटो. प्रत दर आठवड्याला.
३) मालाचे फोटो. प्रत दर आठवड्याला. नोकराला फक्त हाच भाग उघडता यावा.
४) पुन्हा मिळू शकणाऱ्या फायली. यांची प्रत नको.

आता जागेचा हिशेब. रोज ५ एमबीचे ४० फोटो काढले तर २०० एमबी होतात. ३०० दिवसांत ६० जीबी. आज ३०० जीबी भरलेले असतील तर पाच वर्षांनी ६०० होतील. चौथा हिस्सा रिकामा ठेवायचा म्हटले तर ८०० जीबी लागतील. १ टेराबाईटची डिस्क संगणकावर सुमारे ९३१ जीबी दिसते, म्हणजे तीही पुरते. फार मोठी डिस्क घेण्यापेक्षा उरलेला पैसा प्रतींवर खर्च करावा.

सर्व्हरमध्ये दोन सारख्या डिस्क लावून दोन्हींवर एकाच वेळी लिहिता येते. याला रेड-१ म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. पण चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून एकदम पुसली जाते. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

बॅकअपसाठी अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे: एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. घराबाहेर का? आपल्या प्रकाशाहून वाहणारी तापी उकाई धरणातून पुढे सुरतला जाते. ऑगस्ट २००६ मध्ये त्याच तापीच्या पुराने सुरतचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी एकाच इमारतीतल्या सर्व प्रती एकदमच बुडतात.

दुसरा धडा मे २०१७ चा. वॉनाक्राय नावाच्या विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. सतत जोडलेली बॅकअप डिस्कही अशा वेळी सापडते.

म्हणून दोन सुट्या डिस्क घ्याव्यात. एक घरी ठेवावी, दुकान बंद करताना जोडावी आणि प्रत झाली की काढावी. दुसरी शहाद्याच्या नातेवाइकाकडे पासवर्ड लावून ठेवावी. दर आठवड्याला अदलाबदल करावी. मग सर्वांत वाईट प्रसंगीही फार तर आठवड्याची नोंद जाईल. या आठवड्याच्या हिशेबाची प्रत इंटरनेटवरील खात्यात ठेवली तर तेवढेही नुकसान टळेल आणि साधनही वेगळे होईल.

नवी डिस्क बसवली म्हणून जुनी लगेच पुसू नये. फायलींची संख्या जुळवावी, दहा-वीस फायली उघडून पाहाव्यात आणि जुनी डिस्क तीन महिने बाजूला ठेवावी. दर तीन महिन्यांनी प्रतीवरून एक जुने बिल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. जी प्रत उघडत नाही, ती प्रतच नव्हे.

शेवटचे काम कागदाचे. कोणती डिस्क कुठे आहे व तिचा पासवर्ड काय, हे लिहून पाकीट बंद करावे आणि घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवावे.