हॅलोविनचा घरगुती खाऊ: आधी लेबल, मग नक्षी

न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हा मराठी बायकांची ऑक्टोबरात दुहेरी धांदल असते. एका शेगडीवर चिवड्याची फोडणी, दुसरीवर मुलांच्या हॅलोविनचं चॉकलेट. २०२४ साली तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. पहाटे अभ्यंगस्नान केलेली पोरं संध्याकाळी सांगाडे आणि चेटकिणी होऊन दारोदार फिरली. हे दोन्ही खाऊ एकाच ओट्यावर करताना जे पाहिलं आणि जे निस्तरावं लागलं, ते इकडे नव्याने आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते.

पहिली गोष्ट: दारात येणाऱ्या अनोळखी मुलांना घरी केलेला पदार्थ द्यायचा नाही. फराळाचं ताट शेजारी पोचवायची सवय असलेल्या आपल्याला हे जड जातं. एका वर्षी लेकीने पिशवी गालिच्यावर पालथी केली, तर पाकीटबंद गोळ्यांत सेलोफेनमध्ये बांधून नारिंगी फीत लावलेली चॉकलेटची वडी निघाली. करणारीने जीव ओतला होता हे दिसत होतं. पण ती कोणाच्या घरची, आत काय काय घातलंय, काहीच कळायला मार्ग नव्हता. ती कचऱ्यात गेली. आपण हौसेने वाटलेल्या वड्यांचंही दुसऱ्यांच्या घरी हेच होणार.

लोकांच्या मनात भीती असते ती विषाची. १९७४ साली टेक्सासमधल्या डीअर पार्कचा एक मुलगा हॅलोविनच्या खाऊतल्या सायनाइडने दगावला, ती हकीकत अजून सांगितली जाते. विष घालणारा मात्र त्याचा सख्खा बाप होता आणि डोळा विम्याच्या पैशांवर होता. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा बातम्या वर्षानुवर्षं तपासल्या. अनोळखी माणसाने दारात आलेल्या मुलाला असं विष देऊन मारल्याचं एकही पक्कं उदाहरण त्यांना सापडलं नाही.

खरी काळजी घ्यायची ती ॲलर्जीची. अमेरिकेच्या कायद्यानुसार नऊ पदार्थांचा उल्लेख पाकिटावर करावाच लागतो: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे जलचर, बदाम-काजू-अक्रोडाची जात, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि १ जानेवारी २०२३पासून तीळ. चिक्की, काजूकतली, तुपातले लाडू, काहीही घ्या, यांतलं काहीतरी त्यात असतंच. म्हणून दारासाठी बंद पाकिटं आणि घरचा खाऊ फक्त ज्यांच्या आईवडिलांशी बोलता येतं अशा मुलांना, तोही डब्यावर जिन्नसांची चिठ्ठी चिकटवून. शाळेत पाठवण्याआधी बाईंना विचारा. बऱ्याच शाळा घरी केलेलं काही घेतच नाहीत.

आता शेगडीकडे. गोळीबंद पाक आपल्याला नवा नाही. तो साधारण ११५ अंश सेल्सिअसला होतो. सफरचंदांवर चढवायचा लाल काचेसारखा पाक मात्र १५० अंशांपर्यंत न्यावा लागतो. त्याचा थेंब गार पाण्यात टाकला की कडक होऊन कट्‌कन मोडतो. उकळतं पाणी अंगावर उडालं तर निथळून तरी जातं, हा पाक कातडीला चिकटून बसतो. एका मैत्रिणीच्या मनगटावर असाच उडाला. तिने फडक्याने पुसायचा प्रयत्न केला तसा तो आणखी पसरला. अशा वेळी पुसू नका. नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली हात वीस मिनिटं धरा. बर्फ नको, तूप-लोणी तर नकोच. जाड बुडाचं खोल पातेलं घ्या, साखरेचा थर्मामीटर आणा आणि पाक उतरेपर्यंत मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

कॅरमलमध्ये बुडवलेल्या सफरचंदांचं आणखी एक आहे. २०१४ साली बाजारातल्या अशा तयार सफरचंदांतून लिस्टेरिया पसरला. ३५ जण आजारी पडले, त्यांतले सात दगावले. पुढे संशोधकांनी दाखवलं की काडी टोचली की फळाचा रस कॅरमलखाली झिरपतो आणि बाहेर ठेवलेल्या फळात हे जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून सफरचंदं धुऊन-पुसून घ्या, केलेली लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

केकच्या बाबतीत घोळ होतो तो चमकीचा. ओळखीतल्या एका घरी चेटकिणीच्या टोपीच्या केकवर सोनेरी भुकटी भुरभुरली होती. मी बाटली मागून घेतली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘विषारी नाही, केवळ सजावटीसाठी’. म्हणजे खायची नाही! यजमानीणबाईंनी वरचा थर खरवडला आणि मगच केक कापला. २०१८ साली ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाच्या केकवरच्या अशाच भुकटीने सहा मुलांना उलट्या झाल्या. तिच्यात तांबं निघालं. बाटलीवर ‘खाण्यायोग्य’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि जिन्नसांची यादी हवी. दोन्ही नसेल तर ती बाटली घेऊच नका.

शाकाहारी घरांनी आणखी एक पाहावं. मार्शमेलो, जेलीचे किडे आणि पिवळ्या-केशरी कॅंडी कॉर्नमध्ये बहुधा जिलेटीन असतं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. वनस्पतिजन्य मार्शमेलो मिळतात, ते शोधा.

इतकं सांभाळलं की उरते ती निव्वळ मजा. मुलांबरोबर करायला सगळ्यात सोपा कोळ्याच्या जाळ्याचा केक. दोनशे ग्रॅम साय गरम करून तेवढ्याच काळ्या चॉकलेटच्या तुकड्यांवर ओता, पाच मिनिटांनी ढवळा आणि पूर्ण गार झालेल्या केकवर पसरा. ते ओलं असतानाच वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटची एकात एक वर्तुळं काढा. मग दातकोरणीचं टोक मधोमध टेकवून कडेपर्यंत ओढत न्या. प्रत्येक रेघेबरोबर वर्तुळं बाहेर खेचली जातात आणि जाळं तयार होतं. चॉकलेट वितळवताना भांड्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर त्याचा रवाळ गोळा होतो. त्याला रंग द्यायचा तर तेलातला घ्या, पाण्यातला चालत नाही. काळं आयसिंग हवं असेल तर पांढऱ्यात बाटलीभर रंग ओतू नका. गडद कोकोपासून सुरुवात करा, थोडाच काळा रंग घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी रंग आपोआप गडद झालेला दिसेल आणि मुलांच्या जिभाही काळ्या होणार नाहीत.

याहून सोपं हवं असेल तर नारळाच्या वडीचं सारण नेहमीप्रमाणे आटवा, वड्या थापण्याऐवजी छोटे गोळे वळा आणि प्रत्येकावर चॉकलेटचा थेंब ठेवा. झाले भुताचे डोळे! चार वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात.

हौस जरूर करा, पण बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय केकवर काही भुरभुरू नका आणि ज्या मुलाच्या आईशी बोलणं झालेलं नाही त्याच्या हातावर घरचा खाऊ ठेवू नका.