फिनलंडची गोलरक्षिका नोरा रॅटी

गोलरक्षक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फुटबॉलचे मैदान येते. तेथे चोवीस फूट रुंद व आठ फूट उंच चौकट सांभाळावयाची असते. बर्फावरील हॉकीत ही चौकट अवघी ६ फूट रुंद व ४ फूट उंच. तेव्हा काम सोपे असावे, असे कोणासही वाटेल. परंतु तेथे चेंडू नसतो. ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची कठीण रबराची चकती काठीच्या फटक्यासरशी सुटते, आणि पुष्कळदा ती खेळाडूंच्या गर्दीतून अचानक दृष्टीस पडते. गोलरक्षिका गुडघे बर्फावर टेकून पाय दोहों बाजूंस पसरते व चौकटीची खालची बाजू झाकून टाकते. इतर पाचजणी थोडा वेळ खेळून आळीपाळीने विश्रांतीस जातात. ही मात्र वीस-वीस मिनिटांचे तिन्ही भाग आपल्या जागी असते.

या जागेवर ज्यांनी नाव मिळविले, त्यांत नोरा रॅटी हिची गणना होते. तिचा जन्म १९८९ साली फिनलंडमधील एस्पो या शहरी झाला. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये ती देशाकडून खेळली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे व २०१८ मध्ये प्याँगचांग येथे फिनलंडला कांस्यपदक मिळाले. दोन्ही संघांत ती होती. मधल्या काळात तिने अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शिक्षण घेतले. विद्यापीठाच्या संघाने २०१२ व २०१३ असे लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. दुसऱ्या वर्षी तर त्याने ४१ सामने खेळून एकही गमावला नाही.

येथवरची कथा यशाची आहे. पण विद्यापीठ सुटल्यावर खेळावयाचे कोठे, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. पुरुष खेळाडूस या खेळात उत्तम वेतन मिळते. स्त्रियांस त्या काळी पोटापुरतेही मिळणे दुर्घट होते. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये फिनलंड उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून हरला. त्यानंतर तिने जाहीर केले, की पुरुषांच्या संघात जागा मिळाली तरच आपण खेळत राहू. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. हे बोलणे काहींस उद्धटपणाचे वाटले असेल. मला ते सरळ हिशेबाचे वाटते. त्याच वर्षी किएक्को-वान्ता या संघाने तिला घेतले, आणि फिनलंडमधील पुरुषांच्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत ती गोल राखू लागली. पुढे २०१७ मध्ये ती चीनमधील एका संघाकडे गेली. हा संघ कॅनडातील स्त्रियांच्या लीगमध्ये खेळत असे.

आता २०१९ च्या एप्रिलकडे वळू. स्त्रियांची जागतिक स्पर्धा त्या वर्षी एस्पो येथे, म्हणजे नोराच्या जन्मगावीच भरली. १९९० पासून या स्पर्धेचे अठरा अंतिम सामने झाले होते आणि ते सारे कॅनडा व अमेरिका यांच्यातच! स्पर्धेस चार दिवस उरले असता, ३१ मार्च रोजी, नोरा ज्या लीगमध्ये खेळत होती ती बंद होत असल्याची घोषणा झाली. अशा स्थितीत फिनलंडने उपांत्य सामन्यात कॅनडाला ४-२ असे हरविले.

अंतिम सामना १४ एप्रिल रोजी अमेरिकेशी झाला. निर्धारित वेळेत दोघांचा एकेक गोल झाला. जादा वेळेत पेत्रा निएमिनेन हिने चकती अमेरिकेच्या जाळ्यात धाडली. प्रेक्षागार दणाणले, फिनलंडच्या मुलींनी काठ्या व हातमोजे भिरकावून एकमेकींस मिठ्या मारल्या. परंतु पंचांनी चित्रफीत पाहावयास घेतली आणि बराच वेळ गेल्यावर तो गोल रद्द केला. अमेरिकेच्या गोलरक्षिकेस अडथळा झाला, असा निर्णय लागला. यातील विलक्षण गोष्ट अशी, की गोलापुढील निळ्या जागेत उभ्या असणारीस कोणी धक्का देऊ नये, हा नियम गोलरक्षिकेच्याच संरक्षणासाठी आहे. ज्या नियमाच्या आश्रयाने नोरा आयुष्यभर खेळली, त्यानेच तिचे सुवर्णपदक हिरावले. शेवटी एकेरी फटक्यांवर सामना लागला व अमेरिका २-१ अशी विजयी झाली. नोराने त्या दिवशी पन्नास फटके अडविले होते; स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट गोलरक्षिकेचा मानही तिलाच मिळाला.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी फिनलंडचा जो संघ निवडला गेला, त्यात तिचे नाव नव्हते. उत्तर अमेरिकेत खेळाडूंस नियमित वेतन देणारी, सहा संघांची नवी महिला लीग १ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली. त्या दिवशी नोरा रॅटी चौतीस वर्षांची होती.