पवनचक्कीची करवत

हॉलंडमधील शाळांच्या एक दिवसाच्या सहली झान्स स्खान्स या गावाला पुष्कळदा जातात. आम्स्टरडॅमच्या उत्तरेस, झान नदीच्या काठी ते आहे. आगगाडीने वीसेक मिनिटांचा रस्ता. हिरवी लाकडी घरे, कालवे आणि ओळीने उभ्या पवनचक्क्या. हे गाव मुळात असे वसलेले नाही. १९६१ पासून झान परिसरातील जुनी घरे व चक्क्या हलवून येथे मांडण्यात आल्या. लाकडी असल्यामुळेच घरे हलवता आली. येथील जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, मऊ आणि ओलसर. जड भिंती तीत खचतात, म्हणून लाकडाची निवड.

पण इतक्या फळ्या चिरायच्या कशा? पूर्वी एक माणूस ओंडक्यावर व दुसरा खाली उभा राहून करवत ओढत. आपल्याकडेही लाकूड असेच चिरले जाई. वाऱ्याला हे काम का सांगता येईना? कारण पवनचक्कीची पाती गोल फिरतात आणि करवत तर खालीवर चालायला हवी!

उत्तर होते क्रँकमध्ये, म्हणजे बाक दिलेल्या आसामध्ये. क्रँक जगाला आधीपासून ठाऊक होता. तो पवनचक्कीत बसवून लाकूड चिरण्याच्या यंत्राचे पेटंट कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याने १५९३ मध्ये मिळवले. पात्यांची गती दंतचक्रांमार्फत क्रँककडे येते. क्रँक फिरला की त्याला जोडलेला दांडा करवतीची चौकट वर नेतो आणि खाली आणतो. घरच्या पायमशीनमध्ये नेमके उलटे घडते: पायटा खालीवर, चाक गोल.

‘हेट योंगे स्खाप’ (तरुण मेंढी) या चक्कीत हे सारे जवळून पाहता येते. मूळ चक्की १६८० ची. ती १९४२ मध्ये पाडली गेली आणि २००७ मध्ये तशीच पुन्हा बांधली. तीत करवतींच्या तीन चौकटी आहेत. तीन बाक तीन दिशांना असल्यामुळे सर्व चौकटींचे वजन एकाच वेळी उचलावे लागत नाही. शिवाय प्रत्येक फेऱ्याला एक खटका दात्यांचे चाक किंचित सरकवतो आणि ओंडका आपोआप पुढे येतो. मला तर क्रँकपेक्षा हा खटकाच अधिक हुशार वाटतो.

या शोधाचे स्वागत सर्वांनी केले नाही. आम्स्टरडॅमच्या करवतकारांच्या संघाने पोटावर पाय येईल म्हणून विरोध केला. चक्क्या झानकाठी वाढल्या, आणि नॉर्वे व बाल्टिककडील लाकूड तेथे येऊन जहाजे बांधली जाऊ लागली. जहाजबांधणी शिकायला रशियाचा झार पीटर १६९७ मध्ये झानडॅमला आला, तो उगीच नव्हे.

करून पाहा : जाड तारेला मध्ये २ सेंमी उंचीचा चौकोनी बाक द्या. तार खोक्याच्या दोन भोकांतून आडवी बसवा. बाकात दोऱ्याने सैलसर अडकवलेली काडी खोक्याच्या झाकणातील भोकातून वर काढा. तार फिरवा. काडीचे टोक एकूण किती सेंमी खालीवर होते, ते आधी अंदाजाने लिहा, मग मोजा.