पीएलसी बिघडेल तेव्हाचा विचार आधी

चि. मृणालिनीस,


साखर कारखान्याच्या बगॅस कन्व्हेयरचं पॅनेल तुझ्याकडे सोपवलंय, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस, इमर्जन्सी स्टॉपच्या वायरी पीएलसीच्या इनपुटला देऊन बाकीचं प्रोग्रॅममध्ये बघितलं तर चालेल का? नाही चालणार. त्याचं कारण नीट समजून घे.

पीएलसीचं आउटपुट बिघडलं की ते बंदच होईल, असं नाही. रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटतो, ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि आउटपुट चालूच राहतं. प्रोग्रॅम 'थांब' म्हणतो, बेल्ट फिरत राहतो. म्हणून इमर्जन्सी स्टॉप आणि पुलकॉर्ड सेफ्टी रिलेवर घे आणि त्या रिलेला मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा थेट तोडू दे. पीएलसीला फक्त खबर दे. कंट्रोलर आणि इनपुटची वीज चालू ठेव, म्हणजे काय घडलं ते स्क्रीनवर दिसेल.

थांबवणारं प्रत्येक बटण एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या, कॉन्टॅक्टवर घे. वायर तुटली किंवा टर्मिनल सैल झालं, तरी यंत्र थांबलं पाहिजे. एनओ, म्हणजे एरवी उघड्या, कॉन्टॅक्टवर घेतलेल्या बटणाची वायर तुटली, तर ते कुणाला कळतही नाही. कळतं ते जीव वाचवायची वेळ आल्यावर.

वीज परत येते तो क्षणही तितकाच धोक्याचा. वीज गेली की बेल्ट थांबतो आणि कुणीतरी अडकलेला बगॅस काढायला हात घालतो. तेवढ्यात वीज आली आणि पीएलसीने रिटेंटिव्ह मेमरीतली जुनी स्थिती उचलून मोटर सुरू केली, तर? माणसाने रीसेट करून स्टार्ट दाबल्याशिवाय काहीही हलता कामा नये. आणि बेल्टला हात लावण्याआधी आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावलंच पाहिजे, ही सवय तिथल्या लोकांना लाव.

आता पुरवठा. २४ व्होल्टवर चालणाऱ्या अनेक कंट्रोलरना २०.४ ते २८.८ व्होल्टच चालतात. तुझ्या मॉडेलचं मॅन्युअल बघ. सगळे सोलेनॉइड एकदम ओढले की व्होल्टेज पडतं, म्हणून ते एसएमपीएसवर नव्हे, पीएलसीच्या टर्मिनलवर मोज, आणि तेही पूर्ण लोड असताना. शक्य असेल तर सोलेनॉइडना वेगळा एसएमपीएस दे. डीसी कॉइलला डायोड, एसी कॉइलला आरसी स्नबर लाव. नाहीतर कॉइल सुटतानाचा व्होल्टेजचा झटका आउटपुटचं आयुष्य खातो.

ड्राइव्हच्या पॉवर केबल आणि सिग्नलच्या केबल एका ट्रेमध्ये नकोत. ओलांडाव्याच लागल्या, तर काटकोनात ओलांड. अर्थिंग एकातून दुसऱ्यात असं फिरवू नकोस. प्रत्येक उपकरणाची वायर थेट तांब्याच्या पट्टीवर आण.

पॅनेल तापलं की दार उघडं टाकून समोर टेबल फॅन लावणं कारखान्यात सर्रास दिसतं. बगॅसची बारीक धूळ आत बसते, पेटू शकते आणि दमट हवेत ओल धरते. त्यापेक्षा पॅनेल मुळातच मोठं घे, पीएलसीच्या वर-खाली मॅन्युअलमध्ये सांगितलेली मोकळी जागा सोड, ड्राइव्हची उष्णता वेगळी काढ आणि दार बंद राहील अशी सोय कर.

गाळप तोंडावर आलंय, म्हणून सगळे घाई करतील. तरीही रिकाम्या बेल्टवर प्रत्येक स्टॉप दाबून बघ, पुलकॉर्ड ओढ. पुरवठा बंद करून एकेका स्टॉपची वायर काढ आणि मग पुरवठा देऊन यंत्र सुरू होत नाही ना, ते बघ. यंत्र चालू असताना मेन बंद करून पुन्हा चालू कर आणि ते आपोआप सुरू होत नाही ना, ते बघ. हे सगळं ऑपरेटरसमोर कर, त्यांच्या हातून करून घे आणि तपासणी लेखी ठेव. यातली एक गोष्ट जरी राहिली, तरी पॅनेल ताब्यात देण्याच्या कागदावर सही करू नकोस. कुणी रागावलं तर रागावू दे. त्या बेल्टपाशी रात्रपाळीला उभं राहणाऱ्या माणसाने तुझ्यावर भरवसा टाकलाय.

तुझा,
मामा